छोट्या मापाच्या युद्धनौका: बांधणी आणि रिगिंगबद्दल (दोऱ्या-तारा लावण्याबद्दल) वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे प्रामुख्याने १/७०० आणि १/३५० मापातल्या, विसाव्या शतकातल्या युद्धनौकांच्या प्लॅस्टिक आणि रेझिन किटसाठी आहेत. लाकडी शिडाच्या जहाजांचे तंत्र वेगळे असते. त्याला एका प्रश्नापुरतीच जागा दिली आहे.

१/७०० घ्यावे की १/३५०?

१/७०० मापात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे ७० सेंटिमीटर, तर १/३५० मध्ये ३५ सेंटिमीटर. २६३ मीटर लांबीची जपानी ‘यामातो’ १/७०० मध्ये साधारण साडेसदतीस सेंटिमीटर भरते. १/३५० मध्ये तीच ७५ सेंटिमीटर होते आणि तिच्यासाठी वेगळे कपाट लागते. छोट्या जहाजांचे गणित उलटे आहे. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश ‘फ्लॉवर’ वर्गातली कॉर्व्हेट जेमतेम ६२ मीटरची होती. १/७०० मध्ये ती नऊ सेंटिमीटरही भरत नाही, आणि तिच्यावरच्या दोऱ्या लावताना हात कुठे टेकवायचा हाच प्रश्न पडतो. मोठे जहाज १/७०० मध्ये आणि छोटे १/३५० मध्ये घेणे सोयीचे पडते.

१/७०० मध्ये निवड भरपूर आहे. जपानमधल्या शिझुओका प्रांतातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी १९७१ मध्ये मिळून ‘वॉटरलाइन सिरीज’ सुरू केली. पाण्याखालचा भाग नसलेली, सपाट तळाची ही जहाजे टेबलावर ठेवली की समुद्रात तरंगल्यासारखी दिसतात. हे माप रुळण्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे.

पहिल्या मॉडेलसाठी कोणते जहाज निवडावे?

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन ‘फ्लेचर’ वर्गातली विनाशिका. १/३५० मध्ये ती सुमारे ३३ सेंटिमीटर होते. डोलकाठी एकच, तोफा पाच आणि दोऱ्या मोजक्या. पहिल्या महायुद्धाआधीच्या ड्रेडनॉट काळातल्या जहाजांपासून सुरुवातीला दूर राहा. दोन उंच डोलकाठ्या, त्यांच्यामध्ये वायरलेसच्या तारांचे जाळे आणि हलच्या (जहाजाच्या खालच्या मुख्य अंगाच्या) बाजूने टॉर्पेडो-जाळ्यांचे वासे असा त्यांचा पसारा नवख्याला थकवतो.

रिगिंगचा विचार केव्हा सुरू करायचा?

पहिला भाग चिकटवण्याआधी. मॉडेल पूर्ण झाले, आता दोऱ्या लावू, असे ठरवले की बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. डेकवर भोके पाडायला जागा उरलेली नसते. डोलकाठी प्लॅस्टिकचीच राहिलेली असते. बोटी उतरवायचे डेव्हिट (वाकडे खांब) आणि रेलिंग आधीच बसल्यामुळे चिमटा आत जात नाही. जहाजाचा बाजूने काढलेला नकाशा मॉडेलच्या मापात छापून घ्या आणि प्रत्येक दोरी त्यावर लाल पेनने काढा. कुठून निघते, कुठे टेकते आणि तिच्या वाटेत काय येते, हे लिहा. मग दोऱ्यांना क्रमांक द्या. पुढची सगळी बांधणी या कागदाकडे बघून करायची आहे.

हाच कागद तारखेचाही प्रश्न सोडवतो. जहाज एकच असले तरी त्याची रूपे अनेक असतात. ‘यामातो’च्या दोन्ही कुशींवरचे १५.५ सेंटिमीटर तोफांचे टरेट (फिरते बुरूज) १९४४ मध्ये काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. ‘बिस्मार्क’च्या कुशींवरचे काळे-पांढरे पट्टे मे १९४१ मध्ये, अटलांटिकमध्ये शिरण्याआधी नॉर्वेत रंगाखाली झाकले गेले. जहाज कोणत्या महिन्यातले आहे हे ठरवा आणि त्याच काळातले फोटो समोर ठेवा.

सगळ्या दोऱ्या दाखवायलाच हव्यात का?

नाही. दोऱ्या साधारण चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार म्हणजे डोलकाठीला ताणून धरणारे स्टे. दुसरा प्रकार दोन डोलकाठ्यांमधल्या वायरलेस एरियलचा, ज्यांची खाली येणारी तार रेडिओरूमकडे जाते. तिसरा प्रकार यार्डच्या (डोलकाठीवरच्या आडव्या काठीच्या) टोकांपासून ब्रिजमागच्या (जहाज चालवण्याच्या खोलीमागच्या) झेंड्यांच्या पेट्यांपर्यंत येणाऱ्या सिग्नल-दोऱ्यांचा. आणि चौथा म्हणजे धुरांड्याचे ताण. १/७०० मध्ये एरियल, मुख्य स्टे आणि यार्डच्या प्रत्येक बाजूला दोन-तीन सिग्नल-दोऱ्या पुरतात. खऱ्या यार्डवर प्रत्येक बाजूला सहा असल्या तरी या मापात सहा लावल्या की त्यांचा पडदा होतो आणि मागचा ब्रिज झाकला जातो.

तिपाई डोलकाठी असलेल्या जहाजांवर बाजूचे स्टे कमी असतात, कारण तिचे दोन तिरके पायच तिला आधार देतात. एकखांबी डोलकाठीचे फोटो बघून तिपाईवर स्टे लावणे ही सर्रास दिसणारी चूक आहे.

कोणती हत्यारे लागतात?

०.२ ते ०.५ मिलिमीटरच्या ड्रिल बिट आणि त्या पकडणारा पिन व्हाइस, दोन बारीक टोकांचे चिमटे (एक सरळ, एक वाकडा), नव्या पात्यांची सर्जिकल सुरी, डोक्याला लावायचे भिंग, आणि फोटोएच (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे भाग) कापण्यासाठी काचेचा तुकडा किंवा चिनी मातीची फरशी. रबराच्या मॅटवर पितळ कापू नका. मॅट दबते आणि पट्टी वाकते.

गोंद लावायला शिवणाची सुई घ्या आणि तिच्या नेढ्याचे वरचे टोक घासून टाका. उरलेल्या दोन शिंगांच्या फटीत सुपरग्लूचा नेमका हवा तेवढा थेंब धरला जातो. दुसरे टोक लाकडी काडीत खोचा. फट वाळलेल्या गोंदाने भरली की मेणबत्तीवर धरून जाळून टाका. खिडकी मात्र उघडी ठेवा, तो धूर डोळ्यांना झोंबतो.

हल आणि तळाचा भाग नीट बसत नाही. काय करावे?

वॉटरलाइन किटमध्ये हलची भिंत पातळ असते आणि मध्यभागी आत दबते. आडव्या प्लॅस्टिक पट्ट्या तीन-चार ठिकाणी कापून आत बसवा, हल बरोबर रुंदीला आणा आणि मगच डेक चिकटवा. सुकताना काचेवर ठेवून वरून वजन द्या. फट उरली तर पुटी भरा. ती दुसऱ्या दिवशी ४००, मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा. घाई केली तर पुटी आत ओली राहते, नंतर आकसते आणि रंगाखाली खोबण उमटते.

पोर्टहोल याच टप्प्यावर पाडा. ३० सेंटिमीटरचे पोर्टहोल १/७०० मध्ये ०.४ मिलिमीटरचे होते. आधी सुईने खूण करा, नाहीतर ड्रिल घसरून ओळ वाकडी होते. युद्धकाळात अनेक जहाजांची खालची पोर्टहोल पत्र्याने बंद केली गेली. म्हणून तारखेचा फोटो बघितल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

रेझिन किटसाठी काय वेगळे करावे लागते?

प्लॅस्टिकचा गोंद रेझिनवर काम करत नाही, सुपरग्लू लागतो. भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, साच्याचे तेल राहिले तर रंग सोलून निघतो. वाकलेला भाग गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, काचेवर सरळ धरा आणि थंड पाण्यात टाका. घासताना पाणी वापरा आणि तोंडाला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

फोटोएच रेलिंग सरळ का बसत नाही?

बहुधा दोन कारणे असतात. तुकडा मापापेक्षा अर्धा मिलिमीटर लांब कापलेला असतो आणि तो मध्ये फुगतो. किंवा डेकची कड वक्र असते आणि पट्टी आधी वळवलेली नसते. कागदाची बारीक पट्टी डेकच्या कडेला लावून वळणे आणि लांबी तिच्यावर खुणा करून घ्या, मग तेवढी रेलिंग कापा. १/७०० मध्ये रेलिंगची उंची साधारण दीड मिलिमीटर असते. त्यामुळे दोन मिलिमीटरचा वळसाही बोटाने देता येत नाही, तो ड्रिलच्या दांड्यावर द्यावा लागतो.

रंग फ्रेमवर असतानाच द्या. आधी भांड्याच्या साबणाने धुवा, मग प्रायमर, मग रंग. बसवताना एका टोकाला सुपरग्लूचा ठिपका लावून पकड घ्या आणि बाकीची पट्टी पांढऱ्या गोंदाने ओढत न्या. पांढरा गोंद मिनिटभर हलू देतो. सरळ झाली की दोन-तीन ठिकाणी पातळ सुपरग्लू द्या.

जाड पितळी भाग गोल वळवायचा असेल तर ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार होऊ द्या, तो मऊ होतो. रेलिंगवर मात्र हे करू नका. मऊ झालेली रेलिंग नुसत्या स्पर्शाने मुरडते. स्टेनलेस स्टीलच्या भागांना हा उपाय लागू पडत नाही.

किटमधली प्लॅस्टिकची डोलकाठी चालेल का?

रिगिंग करायचे असेल तर नाही. साच्यातून तुटू नये म्हणून किटमधली काठी जाड असते. खऱ्या डोलकाठीचा २५ सेंटिमीटर जाडीचा वरचा भाग १/७०० मध्ये जेमतेम ०.३५ मिलिमीटर व्हायला हवा, आणि किटमध्ये तो बहुधा दुप्पट-तिप्पट जाड असतो. शिवाय इलास्टिक धाग्याच्या ताणाने प्लॅस्टिक हळूहळू वाकते. त्या दिवशी सगळे सरळ दिसते, महिन्याभराने टोक मागे झुकलेले असते.

पितळेच्या सळया वापरा: खाली ०.५, वर ०.३ मिलिमीटर, यार्डसाठी ०.२ किंवा ०.३. खालची काठी डेकला नुसती चिकटवायची नाही. डेकमधून भोक पाडून चार-पाच मिलिमीटर आत न्या आणि आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा ठोकळा देऊन पक्की करा. हे हल बंद होण्याआधीच करता येते, आणि रिगिंगचा कागद आधी काढायचे मुख्य कारण हेच आहे. यार्ड आणि काठीचा सांधा डाखला तर उत्तम. सुपरग्लूने जोडायचा असेल तर सांध्यावर आधी गोल फाइलने छोटी खाच पाडा, म्हणजे गोंदाला धरायला जागा मिळते.

रंग आधी की दोऱ्या आधी?

रंग आधी, आणि मॅट वार्निशसुद्धा आधी. दोऱ्या लावल्यावर फवारा मारला की धाग्यांवर सूक्ष्म थेंब अडकतात, वाळल्यावर मण्यांची माळ दिसते आणि ती पुसता येत नाही.

जहाज मजल्या-मजल्याने वेगळे ठेवा आणि प्रत्येक मजला स्वतंत्र रंगवा. लाकडी डेक आणि राखाडी भिंत एकत्र चिकटवल्यावर मास्किंग करणे हा छळ आहे. जपानी क्रूझर आणि विनाशिकांच्या डेकवर तपकिरी लिनोलियम आणि त्याला दाबणाऱ्या पितळी पट्ट्या होत्या. त्या पट्ट्या रंगाच्या टोकदार पेन्सिलीने उठवता येतात. अमेरिकन ‘मेझर २२’ रंगसंगतीत खालच्या निळ्या पट्ट्याची वरची कड जलरेषेला समांतर, सपाट जाते. ती डेकच्या कडेबरोबर पुढे वर चढवली की जाणकाराच्या नजरेला लगेच खटकते.

धुराची काजळी धुरांड्यामागच्या काठीवर आणि तिच्या वरच्या टोकाला दाखवा. १९०६ च्या ‘ड्रेडनॉट’वर पुढची तिपाई पहिल्या धुरांड्याच्या मागे होती. तिथे काजळी दाखवली नाही तर ती काठी खोटी वाटते.

कोणता धागा वापरावा?

चार पर्याय आहेत. इलास्टिक (लायक्रा) धागा सर्वांत सोपा. हाताचा चुकून धक्का लागला तर तो ताणला जातो आणि परत जागेवर येतो. त्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात, म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. २० डेनियरचा धागा सुमारे ०.०५ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे १/७०० मध्ये साडेतीन सेंटिमीटरची दोरी आणि १/३५० मध्ये पावणेदोन. जाड स्टेसाठी तो १/७०० मध्येही चालतो, सिग्नल-दोऱ्यांसाठी मिळेल तेवढा बारीक घ्या. दोष एकच: तो झोल देऊ शकत नाही, सदैव ताठ राहतो.

ओढलेला स्प्रू, म्हणजे किटच्या फ्रेमचे तापवून ताणलेले प्लॅस्टिक, हा जुना आणि अजूनही उत्तम मार्ग आहे. खर्च नाही, हवी ती जाडी मिळते, काठीवर ताण येत नाही आणि एरियलला हलका झोल देता येतो. पण तो ठिसूळ असतो. पुसताना ब्रश लागला तरी तुटतो.

निक्रोमची किंवा मोटरच्या वेटोळ्यातली तांब्याची बारीक तार दोन टोकांमध्ये ताणून न लावता मापाने कापून बसवतात. काचेवर सुरीच्या दांड्याखाली घोळवली की ती सरळ होते. मासेमारीची नायलॉन तार बारीक मिळत असली तरी १/७०० साठी सहसा जाडच पडते, आणि तिचा वळसा जाता जात नाही. १/२०० आणि त्याहून मोठ्या मापातच ती शोभते.

सुती शिवणधागा कुठेही वापरू नका. त्याची लव भिंगाशिवाय दिसते.

स्प्रू कसा ओढायचा?

किटच्या फ्रेमचा दहा-बारा सेंटिमीटरचा सरळ तुकडा घ्या. मेणबत्तीच्या ज्योतीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर मध्यभागी धरा आणि बोटांनी सतत फिरवत राहा. मधला भाग चमकू लागला आणि किंचित खाली झुकला की ज्योतीपासून बाजूला घ्या, एक क्षण थांबा आणि दोन्ही हात लांब न्या. वेगाने ओढले तर धागा बारीक होतो, सावकाश ओढले तर जाड. ज्योतीतच ओढाल तर तुटेल. गार होईपर्यंत दहा सेकंद ताणलेलाच धरा, सैल सोडला तर वाकडा गोठतो. मधला एकसारख्या जाडीचा भागच कामाचा असतो. गडद राखाडी प्लॅस्टिक सर्वांत बरे, पारदर्शक प्लॅस्टिकचा धागा फार लवकर मोडतो.

लावलेला स्प्रू सैल दिसत असेल तर पेटती उदबत्ती विझवून तिचे गरम टोक धाग्याच्या खालून तीन-चार मिलिमीटरवरून सरकवा. उष्णतेने धागा आकसतो आणि ताठ होतो. त्याच जागी थांबलात तर वितळून तुटेल.

दोरी प्रत्यक्ष कशी लावायची?

इलास्टिक धाग्याची रीत अशी. कागदावरच्या खुणांप्रमाणे डेकमध्ये ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरची भोके रंगाआधीच पाडलेली असावीत. धाग्याचे टोक भोकात खोचा, सुईने सुपरग्लूचा ठिपका द्या आणि पूर्ण धरेपर्यंत, किमान दोन-तीन मिनिटे, हात लावू नका. मग धागा यार्डपर्यंत आणा, अंतरापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त ताणा आणि यार्डवर आधीच ठेवलेल्या सुपरग्लूच्या सूक्ष्म ठिपक्यावर टेकवा. पकड आली की उरलेले टोक नव्या पात्याने, धाग्याला वर न उचलता, यार्डवर दाबून कापा. कात्री धागा आधी ओढते आणि मग कापते, त्यात सांधा सुटतो.

क्रम महत्त्वाचा आहे. मध्यभागापासून बाहेर या: आधी काठ्यांमधल्या एरियल आणि पुढचे-मागचे स्टे, मग आतल्या सिग्नल-दोऱ्या, शेवटी बाहेरच्या. उलट केले तर आत चिमटा जाणार नाही. डाव्या बाजूला एक लावली की लगेच उजव्या बाजूला तिची जोडीदार लावा. एका बाजूच्या सगळ्या दोऱ्या आधी लावल्या तर यार्ड त्या बाजूला फिरतो आणि नंतर दुसऱ्या बाजूने कितीही ताण दिला तरी सरळ होत नाही.

रंग म्हणाल तर काळाभोर धागा या मापात डोळ्यात भरतो. स्टेसाठी गडद राखाडी, सिग्नल-दोऱ्यांसाठी फिकट मळका पिवळसर. इलास्टिक धाग्यावर रंग लावू नका, ताण दिला की तडकतो. रंगीत धागाच विकत घ्या.

एरियलवरचे इन्सुलेटर कसे दाखवायचे?

धागा पक्का झाल्यावर सुईच्या टोकाने पांढऱ्या गोंदाचा थेंब टेकवा, पृष्ठताणामुळे तो आपोआप गोल होतो. वाळल्यावर आकसतो, म्हणून दुसऱ्यांदा टेकवा. मग गडद तपकिरी किंवा पांढरा ठिपका. १/७०० मध्ये दोन्ही टोकांना एकेक पुरे.

सांध्याभोवती पांढरी बुरशी आली आहे. हे काय?

बुरशी नव्हे, सुपरग्लूची वाफ. गोंद वाळताना त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बसते. गोंद जास्त लावला, खोली बंद असली किंवा मॉडेल लगेच काचेच्या पेटीत ठेवले की हे होते. ठिपका लहान ठेवा, हवा खेळती ठेवा आणि पेटी काही दिवस उघडी ठेवा. आलेला डाग मॅट वार्निशचा पातळ हात ब्रशने दिल्यावर बहुधा नाहीसा होतो. सुपरग्लू काढायला अ‍ॅसिटोन वापरू नका: ते पॉलिस्टायरीन विरघळवते आणि डेकचा तपशील जातो.

शिडाच्या युद्धनौका या मापात करता येतात का?

येतात, पण पद्धत बदलते. श्राउडवरच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या दोरांवरच्या) आडव्या रॅटलाइन, म्हणजे चढायच्या दोरीच्या पायऱ्या, हाताने बांधणे अशक्य असते, त्या फोटोएचच्या तयार मिळतात. धागे आधी, यार्ड नंतर, आणि डोलकाठी वेगळी ठेवून तिच्यावरचे जास्तीत जास्त काम जहाजाबाहेर उरकायचे.

झेंडे कुठे लावायचे?

जहाज समुद्रात चालते दाखवले असेल तर झेंडा मागच्या डोलकाठीच्या गॅफवर (तिरक्या काठीवर). पिछाडीच्या दांड्यावरचा झेंडा आणि नाळेवरचा (पुढच्या टोकावरचा) जॅक हा छोटा झेंडा बंदरात नांगर टाकलेल्या जहाजाचे. लाटांच्या पायावर पूर्ण वेगात जाणारे जहाज आणि नाळेवर फडकणारा जॅक असे एकत्र दाखवू नका. छापील कागदी झेंडा दुमडून गोंदाने जोडा आणि ओला असतानाच ब्रशच्या दांड्याभोवती हलका एस-आकार द्या.

समुद्राचा पाया करताना लाटा कशा असाव्यात?

खोल पाण्यात जहाजामागे उठणाऱ्या लाटांचा पंखा मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांत पसरतो, मग वेग कितीही असो. बरेच जण याहून खूप रुंद पंखा काढतात. समुद्राचा पाया पूर्ण होण्याआधी दोऱ्या मात्र लावू नका. अ‍ॅक्रिलिक जेल पसरताना हात बाजूने फिरतो आणि पहिला बळी बाहेरची सिग्नल-दोरीच असते.

तुटलेली दोरी कशी दुरुस्त करावी?

दोन्ही टोके मुळाशी कापून टाका आणि पूर्ण दोरी नवी लावा. मध्ये जोड दिलेल्या दोरीत गाठ दिसते. भोकातला जुना गोंद काढताना पुन्हा ड्रिल फिरवावी लागते, तेव्हा आजूबाजूच्या दोऱ्यांना कागदाची पट्टी आडवी धरा. धूळ ब्रशने झटकू नका. मऊ रबरी फुग्याच्या पंपाने लांबून हवा मारा, वरून खाली नव्हे तर पिछाडीपासून नाळेकडे. पेटी शक्यतो उभ्या काचेची, सांधे बंद असलेली घ्या, म्हणजे हे वर्षातून एकदाच करावे लागेल.